तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना कसे जोडतात? फ्रिक्शन वेल्डिंग सोप्या भाषेत



तुम्ही आत्ता हा लेख ज्या फोनवर वाचताय, त्याच्या बॅटरीत तांबं आहे आणि अ‍ॅल्युमिनियमसुद्धा आहे. तुमच्या घरात येणाऱ्या विजेच्या वाटेवरही हे दोन धातू कुठे ना कुठे भेटतातच. गंमत अशी की या दोघांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही. नुसते पिळून जोडले तर जोड तापतो, वितळवून जोडले तर जोड काचेसारखा तुटतो. मग कंपन्या ते जोडतात तरी कसे? उत्तर ऐकून मलाही आधी खोटं वाटलं होतं: एकमेकांवर घासून!

या पद्धतीला फ्रिक्शन वेल्डिंग म्हणतात. आज आपण ती नीट समजून घेऊया. पण त्याआधी मला ही कशी कळली ते सांगतो, कारण त्यात तुमच्याही कामाची एक गोष्ट आहे.

## जळकी पेटी आणि दोन रंगांचं थिंबल

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी गावी गेलो होतो. उन्हाळी भुईमूग शेंगा भरायच्या टप्प्यात होता आणि नेमकी विहिरीवरची मोटर बंद पडली. काका म्हणाले, "पेटीतून जळका वास येतोय रे, बघ जरा." मेन स्विच खाली पाडून पेटी उघडली, तर एका फेजचा जोड काळा ठिक्कर पडलेला. बाहेरून आलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल आणि स्टार्टरकडे जाणारी तांब्याची वायर कुणीतरी हाताने पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. टेप वितळून थेंब थेंब खाली आली होती.

एक फेज गेला तरी मोटर उरलेल्या दोन फेजवर चालायचा प्रयत्न करत राहिली होती. त्यात तिची वाइंडिंग जळाली. मोटर वर काढणं, तालुक्याला नेऊन भरून आणणं, परत खाली सोडणं, यात आठ दिवस गेले. ऐन गरजेच्या वेळी आठ दिवस पाणी नाही. त्या वर्षी शेंगा पोचट निघाल्या. काकांनी कुणाला दोष दिला नाही, कारण तो पीळ कुणी दिला होता ते कुणालाच आठवत नव्हतं.

नवीन जोडणी करायला आलेल्या वायरमन मामांनी पिशवीतून एक थिंबल काढलं. अर्धं पांढरं, अर्धं लाल. मधे एक सरळ रेष. म्हणाले, "ह्याला बायमेटल म्हणत्यात. पांढरी बाजू केबलला, लाल बाजू स्टार्टरला. मग भांडण नाय."

मी विचारलं, "मामा, मधला जोड डाग देऊन केलाय का?"

"न्हाय ओ. घासून जोडलंय ते. फॅक्टरीत."

शहरात परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर हे "घासून जोडणं" म्हणजे नेमकं काय ते शोधून काढलं.

## फ्रिक्शन वेल्डिंग म्हणजे काय?

हिवाळ्यात आपण तळहात एकमेकांवर चोळतो आणि ते गरम होतात. घर्षणातून उष्णता तयार होते. फ्रिक्शन वेल्डिंगमध्ये हेच करतात, फक्त प्रचंड वेगाने आणि काही टनांच्या दाबाखाली. दोन धातूंची तोंडं एकमेकांवर घासली जातात, ती मऊ होतात, मग फिरणं थांबवून जोरात दाबली जातात. दोन्ही तोंडं एकजीव होतात.

यात सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा लक्षात ठेवा: धातू वितळत नाही. तो मऊ होतो, पण घनच राहतो. म्हणून याला घन अवस्थेतलं वेल्डिंग म्हणतात. वेल्डिंग रॉड नाही, गॅस नाही, ठिणगीचा झगमगाट नाही.

## मुळात हे दोन धातू एकत्र लागतात कशाला?

साधा प्रश्न आहे: सगळं तांब्याचंच का करत नाहीत? किंवा सगळं अ‍ॅल्युमिनियमचंच? दोघांची तुलना बघा.

- वजन: एक घनसेंटिमीटर तांब्याचं वजन ८.९६ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमचं फक्त २.७० ग्रॅम.
- वीजवहन: तांब्याला १०० मार्क दिले तर अ‍ॅल्युमिनियमला साधारण ६१ मिळतात.
- वितळण्याचं तापमान: तांबं १०८५ अंश सेल्सिअस, अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश.
- तापल्यावर प्रसरण: अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त पसरतं.
- किंमत: किलोमागे अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा बरंच स्वस्त.

आता हिशोब करूया. तांब्याइतकाच प्रवाह न्यायचा असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या वायरच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण १.६ पट घ्यावं लागतं. पण इतकी जाड घेऊनही तिचं वजन तांब्याच्या वायरच्या जवळपास निम्मंच भरतं! म्हणून खांबावरून जाणाऱ्या लांबलचक तारा आणि मोठ्या केबल अ‍ॅल्युमिनियमच्या असतात.

उलट मोटरची वाइंडिंग, स्टार्टरचे टर्मिनल, स्विच अशा ठिकाणी जागा कमी असते आणि स्क्रूखाली घट्ट बसणारा धातू लागतो. तिथे तांबं किंवा पितळ बरं. म्हणजे लांबचा प्रवास अ‍ॅल्युमिनियमने करायचा आणि शेवटचा हातभर तांब्याने. या दोघांची गाठ कुठेतरी पडणारच.

## नुसतं पिळून जोडलं तर काय बिघडतं?

काकांच्या पेटीत जे झालं त्यामागे चार कारणं आहेत.

१. अदृश्य कातडी. अ‍ॅल्युमिनियम हवेत उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर वीज वाहू देत नाही. तुम्ही वायर घासून चकचकीत केली तरी तो लगेच परत येतो.

२. स्क्रूखालून सरकणं. अ‍ॅल्युमिनियम मऊ आहे. सतत दाबाखाली ठेवलं की ते हळूहळू चपटं होत जातं. आज घट्ट आवळलेला स्क्रू वर्षभराने सैल लागतो तो यामुळे.

३. गरम-थंड, गरम-थंड. मोटर चालू झाली की जोड तापतो, बंद झाली की निवतो. अ‍ॅल्युमिनियम जास्त पसरतं, तांबं कमी. प्रत्येक फेरीत जोड थोडा थोडा ढिला होतो.

४. ओलाव्यातली छोटी बॅटरी. दोन वेगळे धातू आणि मधे ओलावा म्हणजे एक छोटासा सेलच तयार झाला. यात बळी जातो अ‍ॅल्युमिनियमचा. ते झिजतं आणि जोडावर पांढरी भुकटी दिसू लागते.

ही चारही कारणं एकमेकांना हात देतात. जोड ढिला झाला की रोध वाढतो, रोध वाढला की उष्णता वाढते, उष्णतेने तो आणखी ढिला होतो. शेवट टेप वितळण्यात किंवा आग लागण्यात होतो.

हा फक्त आपल्याकडचा प्रश्न नाही बरं का. अमेरिकेत साधारण १९६५ ते १९७३ या काळात तांबं महाग झालं म्हणून अनेक घरांत अ‍ॅल्युमिनियमचं वायरिंग केलं गेलं. वायर ठीक होत्या, पण स्विच आणि सॉकेटपाशी जोड तापू लागले, आगी लागल्या. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने नंतर सांगितलं की १९७२ पूर्वीच्या अ‍ॅल्युमिनियम वायरिंगच्या घरात एखादा जोड आगीच्या धोक्यापर्यंत पोचण्याची शक्यता तांब्याच्या वायरिंगच्या घरापेक्षा ५५ पट जास्त आहे.

## मग सरळ वितळवून वेल्ड का करत नाहीत?

मलाही हाच प्रश्न पडला होता. उत्तर समजायला थोडं रसायनशास्त्र लागेल, पण घाबरू नका.

तांबं आणि अ‍ॅल्युमिनियमचे अणू गरम अवस्थेत एकमेकांत मिसळले की साधं मिश्रण होत नाही, नवेच पदार्थ तयार होतात. उदाहरणार्थ, एका पदार्थात तांब्याच्या एका अणूमागे अ‍ॅल्युमिनियमचे दोन अणू असतात. दुसऱ्यात तांब्याच्या नऊ अणूंमागे अ‍ॅल्युमिनियमचे चार. यांना आंतरधातू संयुगं म्हणतात. दोन्ही मूळ धातू वाकतात, ताणले जातात. ही संयुगं मात्र काचेसारखी ठिसूळ असतात. वरून त्यांचा विजेला होणारा रोधही मूळ धातूंपेक्षा जास्त.

आता वितळवलं की काय होईल? दोन द्रव एकमेकांत मनसोक्त मिसळतील आणि जोडात या ठिसूळ पदार्थाचा जाड थर बसेल. थंड होताना दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. त्या ताणानेच जोडाला तडे जाऊ शकतात.

आणखी एक मेख आहे. तांबं १०८५ अंशाला वितळतं, अ‍ॅल्युमिनियम ६६० ला. पण दोघं एकत्र आले की ठराविक प्रमाणातलं मिश्रण ५४८ अंशालाच वितळू लागतं! म्हणजे दोघांपैकी कुणीही एकटा वितळणार नाही अशा तापमानाला त्यांच्या सीमेवर द्रव तयार होतो.

त्यामुळे इंजिनिअरसमोरचं कोडं असं आहे: उष्णता तर द्यायची, म्हणजे अणू एकमेकांना धरतील. पण इतकी कमी आणि इतका थोडा वेळ, की ठिसूळ थर जाड व्हायला सवडच मिळू नये. फ्रिक्शन वेल्डिंग हे कोडं सोडवतं.

## फ्रिक्शन वेल्डिंग कसं होतं? पायरी पायरीने

बायमेटल थिंबलचं उदाहरण घेऊ. यंत्र दिसायला लेथसारखं असतं, आणि सुरुवातीचे प्रयोग खरोखर लेथवरच झाले होते.

पायरी १: तोंडं साफ करणं. दोन्ही तुकड्यांची तोंडं सपाट तासून घेतात आणि तेल-ग्रीस पुसून काढतात. हे काम वेल्डिंगच्या अगदी आधी करतात. बोटाचा तेलकट ठसासुद्धा जोड बिघडवू शकतो.

पायरी २: पकडणं. एक तुकडा फिरणाऱ्या चकमध्ये, दुसरा समोरच्या स्थिर पकडीत. दोन्ही एका रेषेत असायलाच हवेत.

पायरी ३: घासणं. एक तुकडा मिनिटाला शेकडो ते काही हजार फेऱ्यांनी फिरतो आणि दुसरा त्यावर दाबला जातो. समजा २० मिलिमीटर व्यासाची सळई मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतेय. तिची बाहेरची कड दुसऱ्या तुकड्यावर सेकंदाला दीड मीटरहून जास्त घासली जाते. ऑक्साइडची ती अदृश्य कातडी इथे फाटते.

पायरी ४: मऊ धातू बाहेर पडणं. तांब्याच्या तुलनेत अ‍ॅल्युमिनियम लवकर मऊ पडतं आणि कडेने बाहेर येऊ लागतं. पुरी दाबल्यावर कणीक कडेने पसरते तसं. बाहेर येताना ते तुटलेलं ऑक्साइड आणि उरलीसुरली घाण सोबत घेऊन येतं. या कडेला फ्लॅश म्हणतात. म्हणजे जोड स्वतःच स्वतःला साफ करतो!

पायरी ५: ब्रेक आणि दाब. फिरणं एकदम थांबवतात आणि त्याच क्षणी दाब वाढवतात. आता आत दोन्ही बाजूंना ताजा, स्वच्छ धातू आहे. अणू इतके जवळ येतात की ते एकमेकांना धरतात. दाब किती लागतो? प्रत्येक चौरस मिलिमीटरला १०० न्यूटन धरले तर २० मिलिमीटरच्या सळईवर साधारण तीन टनांहून जास्त भार येतो.

पायरी ६: छाटणं. फ्लॅश तासून टाकतात. बाहेर राहते ती फक्त एक रेष, अर्धी पांढरी अर्धी लाल.

हे सगळं काही सेकंदांत आटोपतं.

## खरा खेळ दोन मायक्रॉनचा

आता लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. चांगल्या जोडातही ठिसूळ संयुगाचा थर असतोच. तो अजिबात नसेल तर अणू एकमेकांना भिडलेच नाहीत असा अर्थ होऊ शकतो. फक्त तो पातळ हवा. साधारण दोन-अडीच मायक्रॉनच्या आत असेल तर जोड मजबूत राहतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाच्या तिसाव्या भागाइतका थर.

थर याहून वाढला की जोड दिसायला तसाच दिसतो, पण वाकवला की नेमका त्या रेषेवर कटकन तुटतो.

थर कशाने वाढतो? दोनच गोष्टींनी: तापमान आणि वेळ. घासणं एखाद-दोन सेकंद जास्त झालं, तरी फरक पडतो. कमी झालं तर कातडी पूर्ण फाटत नाही आणि मधे न जुळलेले ठिपके राहतात. सळईच्या मध्यभागी ही अडचण जास्त, कारण मध्यबिंदूला फिरण्याचा वेग शून्य असतो आणि कडेला सर्वात जास्त. म्हणून वेग, दाब, वेळ, ब्रेकचा क्षण हे सगळं यंत्र स्वतः मोजून सांभाळतं. अ‍ॅल्युमिनियम-तांब्यासाठी तर सीमेवरचं तापमान त्या ५४८ अंशांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो.

आणि हे फॅक्टरीत संपत नाही. जोड वापरात सतत तापत राहिला तर घन अवस्थेतही अणू सरकत राहतात आणि थर हळूहळू जाड होतो. म्हणून चांगलं थिंबल बसवलं म्हणजे केबलवर कितीही भार टाकायला मोकळे, असं नाही.

## फ्रिक्शन वेल्डिंगचे प्रकार

रोटरी फ्रिक्शन वेल्डिंग: आत्ता पाहिला तो प्रकार. घर्षणाच्या उष्णतेने जोडण्याचं पेटंट अमेरिकेत १८९१ मध्येच निघालं होतं. पण कारखान्यात वापरण्याजोगी पद्धत १९५०च्या दशकात सोव्हिएत संघात उभी राहिली. नंतर अमेरिकेत जड चाकात ऊर्जा साठवून ती जोडावर सोडण्याची इनर्शिया पद्धत आली.

लिनियर फ्रिक्शन वेल्डिंग: यात तुकडा फिरत नाही, पुढे-मागे हलतो. गोल नसलेले भाग जोडायला उपयोगी. विमानाच्या इंजिनातली पाती चकतीला अशी जोडतात.

फ्रिक्शन स्टर वेल्डिंग: १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजजवळच्या द वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी हा शोध लावला. दोन पत्रे शेजारी ठेवतात आणि त्यांच्या सांध्यातून एक कठीण फिरती पिन पुढे नेतात. पिन मऊ झालेला धातू ढवळत जाते, झाऱ्याने पिठलं ढवळावं तसं. अ‍ॅल्युमिनियम-तांब्याच्या पत्र्यांत एक युक्ती करतात: पिन मधोमध न ठेवता अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला सरकवतात, म्हणजे तांबं कमी ढवळलं जातं आणि ठिसूळ पदार्थही कमी तयार होतो. २०१२ च्या आयमॅकची पातळ बॉडी जोडायला अ‍ॅपलने हेच तंत्र वापरलं होतं, पण तिथे दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमच होतं.

अल्ट्रासॉनिक वेल्डिंग: घर्षणाच्याच कुटुंबातला सगळ्यात नाजूक भाऊ. दोन पातळ पत्रे दाबून धरतात आणि वरचा पत्रा सेकंदाला २० हजार किंवा त्याहून जास्त वेळा थरथरवतात. हलणं फक्त काही मायक्रॉनचं. सेकंदाच्या आत जोड तयार. याचा संबंध थेट तुमच्या खिशाशी आहे.

## तुमच्या फोनमध्ये हे कुठे आहे?

बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीच्या धन बाजूला अ‍ॅल्युमिनियमची आणि ऋण बाजूला तांब्याची पातळ पट्टी असते, केसाहूनही पातळ. हे असंच का? ऋण बाजूला अ‍ॅल्युमिनियम ठेवलं तर त्यात लिथियम शिरून ते भुसभुशीत होतं. धन बाजूला तांबं ठेवलं तर ते विरघळू लागतं. म्हणून दोघांनी आपापली बाजू वाटून घेतली आहे. या पट्ट्यांचे थर बाहेरच्या टोकांना जोडायला बहुतेक वेळा अल्ट्रासॉनिक वेल्डिंग वापरतात. वितळवायला गेलं तर इतकी पातळ पट्टी जळूनच जाईल.

चिप. अनेक चिप्समध्ये केसाहून बारीक सोन्याची किंवा तांब्याची तार अ‍ॅल्युमिनियमच्या इवल्याशा ठिपक्यावर बसवलेली असते. उष्णता, दाब आणि अल्ट्रासॉनिक थरथर या तिघांनी. तांब्याची तार असेल तर इथेही तीच जुनी जोडी आणि तीच ठिसूळ थराची काळजी! सोनं-अ‍ॅल्युमिनियमच्या जोडात तयार होणारं एक संयुग जांभळ्या रंगाचं असतं. त्यामुळे होणाऱ्या बिघाडाला इंजिनिअर 'जांभळा प्लेग' म्हणतात.

इलेक्ट्रिक गाडी. गाडीच्या पॅकमध्ये शेकडो सेल एकापुढे एक जोडतात. एका सेलची अ‍ॅल्युमिनियमची बाजू पुढच्या सेलच्या तांब्याच्या बाजूला भिडते. काही चौकोनी सेलमध्ये ऋण टर्मिनलच खालून तांब्याचं आणि वरून अ‍ॅल्युमिनियमचं असतं, आणि तो मधला जोड फ्रिक्शन वेल्डिंगचा. म्हणजे काकांच्या पेटीतल्या थिंबलचा हा चुलत भाऊच.

## फायदे आणि मर्यादा

फायदे:
- वितळणं नाही, त्यामुळे ठिसूळ थर पातळ राहतो.
- पूर्ण तोंडभर जोड, आत हवा-ओलावा शिरायला फट नाही.
- रॉड, फ्लक्स, गॅस लागत नाही. धूरही जवळपास नाही.
- एकदा यंत्र बसवलं की प्रत्येक जोड सारखा.

मर्यादा:
- रोटरी पद्धतीत निदान एक तुकडा गोल किंवा फिरवता येण्याजोगा हवा.
- यंत्र महाग. हजारो नग करायचे असतील तरच परवडतं.
- शेतात किंवा घरात जागेवर करता येत नाही.
- बाहेरच्या रेषेवर दोन्ही धातू उघडेच असतात. तिथे पाणी साचू नये म्हणून हीट श्रिंक नळी किंवा टेप लागते.

## जोड चांगला आहे हे कसं तपासतात?

फॅक्टरीत काही नमुने मुद्दाम वाकवून आणि ओढून तोडतात. चांगला जोड असेल तर तुकडा अ‍ॅल्युमिनियमच्या भागात तुटतो, रेषेवर नाही. मऊ धातू हरला पण जोड टिकला, हीच पास होण्याची खूण. शिवाय जोडाचा रोध मायक्रो-ओहममध्ये मोजतात आणि जोड वारंवार तापवून-निववून तो रोध वाढतो का ते बघतात.

आपल्याला दुकानात एवढं करता येणार नाही. पण थिंबलची लाल बाजू किंचित खरवडून बघता येते. आत पांढरं दिसलं तर ते वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे.

## घरी किंवा शेतात काय काळजी घ्यायची?

- अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याची वायर कधीही एकत्र पिळू नका. टेप जोड लपवते, सुधारत नाही.
- बायमेटल थिंबल केबलच्या मापाचंच घ्या. अ‍ॅल्युमिनियमची केबल ब्रशने घासून, जोडणीचं ग्रीस लावून, योग्य मापाच्या साच्याने क्रिम्प करायला सांगा. हातोडीने चेचलेलं थिंबल म्हणजे पुन्हा पीळच.
- जोडाजवळ रंग बदलला, पांढरी भुकटी दिसली, टेप चिकट झाली किंवा वास आला तर मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.
- डीपीला स्वतः हात लावू नका. तिथलं काम वीज कंपनीच्या माणसाचंच.

## नेहमी पडणारे प्रश्न

ड्रिल मशीनवर घरी फ्रिक्शन वेल्डिंग करता येईल का?
प्लास्टिकच्या काड्यांवर गंमत म्हणून जमतं. अ‍ॅल्युमिनियम-तांब्याला टनांमध्ये दाब आणि एका क्षणात ब्रेक लागतो. ड्रिल मशीनने फक्त बोटं भाजतील.

सोल्डरिंग करून का चालत नाही?
अ‍ॅल्युमिनियमवरची ऑक्साइडची कातडी सोल्डरला धरू देत नाही. खास फ्लक्स मिळतात, पण जास्त प्रवाहाच्या केबलसाठी तो भरवशाचा मार्ग नाही.

काही थिंबल चांदीसारखी दिसतात, ती कसली?
बहुतेक वेळा त्यांवर कथलाचा थर असतो. आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात, तसंच. कथील विद्युत-रासायनिक दृष्ट्या अ‍ॅल्युमिनियम आणि तांब्याच्या मधे बसतं, त्यामुळे झीज कमी होते. पण पातळ कल्हई वेगळी आणि अख्खं तोंड एकजीव केलेला जोड वेगळा.

स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमही असं जोडता येतं का?
हो. होंडाने २०१३ च्या अकॉर्ड गाडीच्या पुढच्या सबफ्रेममध्ये स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम फ्रिक्शन स्टर वेल्डिंगने जोडले होते.

स्वस्त वायरवर 'कॉपर क्लॅड अ‍ॅल्युमिनियम' लिहिलेलं असतं, ते काय?
आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचं पातळ वेष्टन. त्याच जाडीच्या पूर्ण तांब्याच्या वायरपेक्षा रोध जास्त, म्हणून ती जास्त तापते. घेताना नीट वाचा.

## शेवटी

माझ्या टेबलावर आज एक बायमेटल थिंबल पडलेलं असतं. वायरमन मामांकडून मागून आणलेलं. लाल आणि पांढऱ्याच्या मधली ती रेष बघितली की मला दोन मायक्रॉन आठवतात आणि काकांचे आठ दिवस. थिंबलची किंमत आणि मोटर भरायचा खर्च यांची तुलनाच होत नाही. आमच्या पेटीत ते आधीच असतं, तर भुईमूग हातचा गेला नसता.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा मेन बंद करून, घरच्यांसोबत आणि जमल्यास वायरमनसोबत, मोटरच्या पेटीत एकदा डोकावून बघा. पिळलेला जोड दिसला तर त्याचा फोटो काढू नका, तो बदलून घ्या.